हाका मारणारा वेगळाच

लॅपटॉप समोर उघडा आहे, आपण हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसलो आहोत, पडद्यावर एकही खिडकी उघडी नाही, आणि तरीही आतला पंखा भाताच्या गिरणीसारखा घोंघावतोय... हा अनुभव आता घरोघरचा झाला आहे. बॅटरी दीड तासात संपते. खालची बाजू इतकी तापते की मांडीवर पंचाची घडी घ्यावी लागते. माणूस निवांत आणि यंत्र घामाघूम! यावर मिळणारे सल्लेही ठरलेले. दुरुस्तीवाला म्हणतो, "फॉरमॅट मारूया." भाचा म्हणतो, "मामा, नवीन घे." आत नेमकं कोण राबतंय हे बघायची तसदी दोघांपैकी कोणीच घेत नाही.

मला ते बघावं लागलं आमच्या आत्यामुळे. वय वर्षे ८६. पौषात मांडावर रंगणाऱ्या धालोची गाणी तिला जेवढी येतात तेवढी आमच्या वाड्यावर आता दुसऱ्या कोणाला येत नाहीत. काही कोकणीत, काही मराठीत, काहींत तर एकाच ओळीत दोन्ही. शब्द मी पूर्वीच वहीत उतरवले होते, पण चाल वहीत कशी उतरवणार? म्हणून संध्याकाळी तिच्या खोलीत बसून ध्वनिमुद्रण सुरू केलं. एका मित्राने यूएसबीला जोडायचा चांगला मायक्रोफोन दिला होता, आणि ऑडॅसिटी हा मुद्रणाचा प्रोग्रॅम फुकटच मिळतो. दोन संध्याकाळी बऱ्या गेल्या. तिसऱ्या संध्याकाळी लॅपटॉपच्या पंख्याने असा काही सूर लावला की आत्या गाणं सुरू करण्याआधीच म्हणाली, "कित्याक इतलें बोबाटता रे तुजें यंत्र?" तरी तिने एक लांबलचक गाणं न थांबता म्हटलं. मी मुद्रण थांबवलं आणि पडद्यावर सूचना आली. खुणा केलेल्या जागी आवाज गळाला आहे; दुसरे प्रोग्रॅम प्रोसेसरच्या वेळेसाठी झोंबत असण्याची शक्यता आहे. मोजल्या तर खुणा नऊ. म्हणजे गाण्याला नऊ भोकं! आत्या तोवर उशीला टेकली होती. तिला दम लागतो. "पुन्हा म्हण" म्हणायची सोय नव्हती.

रात्री जेवण आटोपून बसलो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. १९९६ सालच्या विंडोज एनटी ४ पासून तो आपल्या सेवेला आहे. त्यातल्या सीपीयू या रकान्याच्या डोक्यावर टिचकी मारली की सगळ्यांत जास्त राबणारा वर येतो. पहिले काही क्षण मात्र आकड्यांवर विश्वास ठेवू नये. टास्क मॅनेजर उघडतानाही प्रोसेसरला काम पडतंच, आणि यंत्र नुकतंच सुरू केलं असेल तर सगळ्यांचीच लगबग चाललेली असते. पाच-दहा मिनिटं थांबून मग बघावं. आणखी एक गंमत सांगतो. 'डिटेल्स'च्या पानावर 'सिस्टम आयडल प्रोसेस' नावाच्या ओळीसमोर ९५ वगैरे आकडा दिसतो आणि लोक घाबरून त्यालाच बंद करायला धावतात. तो आकडा रिकामेपणाचा असतो! निवांत बसलेल्याचीही हजेरी मांडणारा असा प्रामाणिक कारकून दुसरीकडे क्वचितच आढळेल.

माझ्या यंत्रात काहीही न करता एकूण आकडा ५०च्या वर होता. त्यातले दोघे ओळखीचे निघाले. एक शोधसूची करणारा, म्हणजे 'सर्च इंडेक्सर'. फायली पटकन सापडाव्यात म्हणून तो आधीच सगळं वाचून ठेवतो. मी त्याच आठवड्यात जुन्या वह्यांचे हजारो फोटो आणि टिपणं लॅपटॉपवर उतरवून घेतली होती, तेव्हा त्याची धांदल रास्तच होती. अशाला मारू नये. चार्जर लावून लॅपटॉप रात्रभर सुरू ठेवावा, एक-दोन रात्रींत तो आपण होऊन शांत होतो. दुसरा विषाणूंची तपासणी करणारा. नव्याने आलेली प्रत्येक फाईल तो हुंगून बघतो, त्यामुळे त्याचीही तीच कथा. त्याची पूर्ण तपासणी गाण्याच्या वेळेला सुरू होणार नाही एवढं वेळापत्रक बदललं, बस्स. त्याला कायमचं झोपवा असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा मात्र विचित्र होता. नाव 'डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट'. आकडा १२ आणि १३ यांच्या मध्ये खिळलेला, तासभर हलेना. हा आकडा बोलका असतो. माझ्या प्रोसेसरला आठ कप्पे आहेत. आठ पाटांची पंगत समजा. टास्क मॅनेजरची टक्केवारी सगळ्या पंगतीची असते, म्हणजे एका पाटाचा वाटा साडेबारा टक्के. आकडा तिथेच अडून राहिला तर समजावं की कोणीतरी एक पाट अडवून बसला आहे आणि उठायला तयार नाही. चार पाटांच्या पंगतीत हाच आकडा २५ दिसेल.

मी त्याच्यावर टिचकी मारून 'एन्ड टास्क' केलं. पंखा निवला. दोन मिनिटांनी हे महाशय पुन्हा हजर, पुन्हा साडेबारा!

इथे मला आमच्या जुन्या एकत्र घरातली काकी आठवली. दिवसभर धावपळ दिसायची ती तिचीच. चुलीपाशी ती, विहिरीवर ती, राजांगणातून पाण्याचा तांब्या घेऊन जाणारीही तीच. परक्याला वाटावं, या बाईला एका जागी बसायची सवयच नाही. पण हाका मारणारे पुढे सोप्यावर बसलेले असत, आणि ते कोणाच्या नजरेत येत नसत. डब्ल्यूएमआय ही विंडोजमधली अशीच काकी आहे. यंत्रात काय काय जोडलं आहे, डिस्क किती भरली, बॅटरी किती उरली हे इतर प्रोग्रॅम तिला विचारतात आणि ती शोधून सांगते. ती दमते आहे याचा अर्थ कोणीतरी सारखं विचारतो आहे. तिला घराबाहेर काढून काय साधणार?

हाक मारणारा सापडतो 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये. तिथे ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात डब्ल्यूएमआय-ॲक्टिव्हिटी, आणि शेवटी ऑपरेशनल. वाट लांब आहे, पण सरळ आहे. माझ्याकडे तिथे ५८५८ क्रमांकाच्या चुकांची रांगच लागली होती, काही सेकंदांच्या अंतराने एक. प्रत्येक नोंदीच्या पोटात 'क्लायंट प्रोसेस आयडी' असा एक आकडा असतो. हाच विचारणाऱ्याचा पत्ता. सगळ्या नोंदींत आकडा एकच! तो घेऊन टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये गेलो आणि पीआयडीच्या रकान्यात शोधला. (यंत्र मध्येच बंद करून सुरू केलं तर हे आकडे बदलतात, तेव्हा दोन्ही कामं एका बैठकीत करावीत.)

निघाला कोण? दोन वर्षांपूर्वी बिघडून भंगारात गेलेल्या प्रिंटरचा मदतनीस! प्रिंटरबरोबर आलेल्या तबकडीतून तो घरात शिरला होता. प्रिंटर गेला, हा राहिला. दर काही सेकंदांनी विचारत होता, माझा प्रिंटर जोडला आहे का? नाही. आता जोडला आहे का? नाही. ही कंपनी कोणती ते सांगत नाही, पण धनी गेल्यावर चाकराने कुठवर वाट बघायची याचा विचार तिथल्या कोणीच केला नसावा.

सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून तो काढला. काढल्यावरही त्याची एक सेवा मागे राहिली होती. ती 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन आधी थांबवली, मग तिचा आपोआप सुरू होण्याचा प्रकार 'डिसेबल्ड' केला. यंत्र बंद करून सुरू केलं. दहा मिनिटांनी आकडा चारवर होता, आणि खोलीत रातकिड्यांचा आवाज ऐकू येऊ लागला.

उष्णतेबद्दल एक सांगायचं राहिलं. फार तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मग तेच काम जास्त वेळ घेतं आणि टक्केवारी आणखी फुगते. म्हणजे भार वाढल्याने ताप आणि तापल्याने भार. आपल्या दमट हवेत जाळीला धूळ चिकटून तिचा लेपच बसतो. माझ्या लॅपटॉपची जाळी दुरुस्तीवाल्याकडून साफ करून घेतली. फॉरमॅटपेक्षा ते फारच स्वस्तात झालं.

चार दिवसांनी आत्याने ते गाणं पुन्हा म्हटलं. एकही खूण आली नाही. फक्त मधल्या एका कडव्यात तिने या खेपेला वेगळेच शब्द घातले, आणि पहिल्या फायलीत ते कडवं नेमकं भोकांनी चाळलेलं आहे. वहीत तिसराच पाठ. तिला विचारलं तर म्हणाली, तिची आई असं म्हणायची आणि सासरच्या बायका तसं. दोन्ही फायली तारीख घालून ठेवल्या आहेत. अजून बारा-तेरा गाणी बाकी आहेत. शिगम्याच्या आत उरकायची आहेत, कारण त्यानंतर उकाडा वाढतो आणि तिच्या खोलीतला छताचा पंखा बंद ठेवता येत नाही.