लडाखहून छोटीला

लेह, रात्री

प्रिय छोटे,

पोचले. डोकं ठणकतंय, पण साडेतीन हजार मीटरवर नव्याने आलेल्या बहुतेकांचं ठणकतं. सुरुवातीला नुसतं पडून राहायचं असतं, तसं राहिले. आईला यातलं काही सांगू नकोस. तिचा गुडघा कसा आहे? बाबांच्या गोळ्या दुकानात डावीकडच्या खणात आहेत, रोज आठवण कर.

गरम पाण्याची बादली शंभर रुपयांना, तीही सकाळी आठनंतर. सायंकाळी थुक्पा प्यायले तेव्हा कुठे बोटं हलू लागली. खंबीर नावाची जाड रोटी, तिच्यावर लोणी आणि जर्दाळूचा जाम. दोन्ही वेळा तेच मागितलं. लोणी-मिठाचा चहा पहिल्या घोटाला नको वाटतो, दुसऱ्या घोटाला हवासा होतो. तरी आईच्या हातच्या पिठल्याची आठवण जात नाही. मग थिकसे आणि हेमिस हे मठ पाहिले. आत भित्तिचित्रांपाशी फ्लॅश चालत नाही, चालू देऊही नये.

लॉनवरच्या लग्नाचे फोटो कसे काढायचे ते विचारलंस. साडेबाराचा मुहूर्त, वर छत नाही, नवऱ्याला फेटा आणि दोघांना मुंडावळ्या. म्हणजे डोळ्यांच्या जागी काळे खड्डे येणार. इथे तर ते फारच दिसतं. हवा विरळ, धूळ कमी, त्यामुळे आकाश गडद निळं, आणि पसरलेला उजेड थोडा म्हणून सावली जवळजवळ काळी. आपल्या कराडचं धुरकट आकाश सावलीत थोडा तरी उजेड परत टाकतं.

म्हणून भर उन्हात फ्लॅश लागतोच. बाबांचं गिऱ्हाईक हसायचं, ‘एवढं ऊन असताना दिवा कशाला?’ ऊन आहे म्हणूनच. आधी मागचं आकाश ठरव: आयएसओ १००, शटर १/२००, ॲपर्चर एफ/११. स्वच्छ दुपारी हे बसतं. मग जोडप्याची पाठ सूर्याकडे कर. केसांना कड मिळते आणि डोळे बारीक होत नाहीत. आता अंधारात गेलेल्या चेहऱ्यापुरता फ्लॅश दे, बाकी कशासाठी नाही. ऑटोवर असेल तर एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा, करून बघ. आकाशापेक्षा चेहरा उजळ झाला की माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

निजते. दोन रजया आहेत, तिसरी मागितली.

तुझी ताई


चुमाथांग

छोटे,

सिंधूच्या काठाने दिवसभर गाडी. जेवण म्हणजे मॅगी आणि उकडलेली अंडी, पण गरम. इथे गरम पाण्याचे झरे आहेत, पाय बुडवून बसले.

वाटेत एका नाक्यावरच्या माणसाने फार पिडलं. कागद बरोबर होते. फ्लॅशचा स्टँड बघून त्याला काय संशय आला कोण जाणे, सगळी बॅग रस्त्यावर मांडायला लावली, छत्रीसुद्धा उघडायला लावली, आणि शेवटी एक शब्द न बोलता हाताने ‘जा’ म्हणून खुणावलं. मागे गाड्या खोळंबलेल्या. अजून राग आहे.

तू नवरीची मागची गर्दी धूसर हवी म्हणतेस. त्यासाठी एफ/२.८ लागेल, म्हणजे भर उन्हात शटर १/३२०० वर जाईल. आपल्या कॅमेऱ्याचा फ्लॅश १/२०० पर्यंतच नीट जुळतो; त्यापुढे शटरचे दोन पडदे कधीच एकदम पूर्ण उघडे नसतात. हायस्पीड सिंकमध्ये फ्लॅश भराभर लुकलुकून ते सांभाळतो, पण ताकद फार घटते. त्यापेक्षा लेन्सवर उजेड अडवणारा चार स्टॉपचा एनडी फिल्टर लाव आणि शटर १/२०० वरच राहू दे. फ्लॅश मात्र जवळ आण. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. सॉफ्टबॉक्स लावून पाच मीटरवरून मारलेला छोटा फ्लॅश दुपारी काही कामाचा नाही. दीड-दोन मीटरवर कुणाला तरी धरायला लाव, पुतण्याला ने.

ताई


कोरझोक

छोटे,

त्सो मोरिरी पाहिला. निळा आहे, मोठा आहे. वारा असा की पेन धरवत नाही, म्हणून अक्षराकडे बघू नकोस.

चांगपा लोकांच्या तळावर गेले होते. याकच्या केसांचा तंबू, बाहेर पश्मिन्याच्या बकऱ्या. एक आबी-ले, म्हणजे आजी, डोक्यावर रुंद काठाची टोपी घालून दूध काढत होती. विचारलं, तिने मान हलवली, मग फोटो काढला. टोपीखालचा चेहरा उन्हाच्या फोटोत नव्हताच. खालून, बाजूने थोडा फ्लॅश दिला आणि सुरकुत्या, डोळे, सगळं वर आलं. स्क्रीनवर बघून तिने सुनेला हाक मारली. माणसाचा चेहरा अंधारात ठेवून मागचा डोंगर छान दाखवणं मला पटत नाही.

संध्याकाळी फ्लॅशवर अर्ध्या ताकदीचा नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावला. फ्लॅश साधारण ५५०० केल्विनचा, मावळतं ऊन ३५०० च्या आसपास. जेल नसेल तर सोनेरी आकाशापुढे चेहरा आजाऱ्यासारखा निळसर येतो. सूर्य गेल्यावर शटर १/२०० वरून १/५० केलं. आकाश दोन स्टॉप उजळलं, चेहरा होता तसाच राहिला. फ्लॅश साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागापुरताच पेटतो, त्याला शटर किती वेळ उघडं आहे याने फरक पडत नाही. रिसेप्शनला हे कर, दिव्यांच्या माळा दिसतील. पण शटर हळू असेल तर जोडप्याला क्षणभर स्थिर उभं राहायला सांग.

थंडीने साधे अल्कलाईन सेल लगेच मान टाकतात. रिचार्जेबल सेल आतल्या खिशात ठेवते, रात्री रजईत घेते. तुला थंडी नाही, पण भर दुपारी फ्लॅश जवळजवळ पूर्ण ताकदीने चालवावा लागेल आणि सेल भराभर उतरतील. बाबांकडून पैसे घेऊन दोन संच जादा आण आणि आदल्या रात्रीच चार्जिंगला लाव.

ताई