डौराचं देणं

मी शाळेत मराठी शिकवते. ही भाषा मला आजीकडून मिळाली, शिक्षकांकडून मिळाली. पण सगळ्यांत मोठं देणं आहे ते आष्टी तालुक्यातल्या कडा गावी आमच्या अंगणात रात्र-रात्र उभं राहून कथा लावणाऱ्या एका नाथपंथी डवरी गोसाव्याचं. आजी त्यांना गोसावीबाबा म्हणायची, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो.

आमचा मुलूखच नाथांचा. आष्टी तालुक्यातच सावरगावजवळ मायंबाला मच्छिंद्रनाथांची समाधी, आणि डोंगराच्या पलीकडे पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथ. होळीपासून पाडव्यापर्यंत मढीच्या वाटेला भटक्या जमातींची रीघ लागते, गाढवांचा बाजार भरतो, रंगपंचमीला गडावर पाय ठेवायला जागा नसते. ती जत्रा उरकली की बाबा खाली कड्याकडे उतरत. घरात लग्न झालेलं असलं किंवा नवस फिटलेला असला, की भैरवनाथाच्या नावानं भराड, म्हणजे रात्रभराची कथा, ठरलेलं.

गळ्यात लोकरीच्या दोऱ्यात ओवलेली शिंगी, कमरेशी मधे निमुळता डौर, एका हातात बारीक काडी. साथीला तुणतुणं धरणारा पुतण्या. आधी शिंगी फुंकायची, मग देवांना एकेक करून बोलवायचं. त्यात काशी, तुळजापूर, जेजुरी येई आणि आमच्या शिवेवरचा म्हसोबाही येई. मग गोपीचंदाची कथा. राजा न्हायला बसलेला असतो आणि वरून त्याच्या पाठीवर आईच्या डोळ्यांतला ऊन थेंब पडतो. इथं बाबा डौर थांबवायचे. ही आई, मैनावती, का रडते, ते सांगायचेच नाहीत. अंगणभर बायका बसलेल्या, कुणी हलायचं नाही. मग काडी हळूच कातड्यावर टेकायची आणि आई सांगू लागायची, की बाळा, ही सोन्यासारखी काया एक दिवस माती होणार. गोपीचंद राज्य सोडून निघाला, की दसऱ्यानंतर कारखान्याच्या वाटेला लागणाऱ्या ऊसतोड्या लेकरांच्या आया डोळ्याला पदर लावायच्या.

वाक्य कुठं थांबवायचं, हे मी तिथं शिकले. आजही वर्गात धडा वाचताना माझा आवाज जिथं थांबतो, ती जागा बाबांची असते.

आजीकडं धुंडिसुत मालूच्या ‘नवनाथ भक्तिसारा’ची पोथी होती. चाळीस अध्यायांचा हा ग्रंथ 1819चा. बाबांना अक्षरओळख नव्हती आणि त्यांची कथा पोथीपेक्षा पुष्कळ वेगळी चालायची. लहानपणी मी पोथी पुढ्यात धरून त्यांना अडवायची. ते हसून म्हणायचे, “पोरी, पोथीत लिव्हलंय ते मालूनं आयकलेलं. मी सांगतो ते माझ्या आज्यानं आयकलेलं.” पुढं एम. ए.ला रा. चिं. ढेरे यांचा ‘नाथसंप्रदायाचा इतिहास’ वाचला, प्रभाकर मांडे यांचं ‘गावगाड्याबाहेर’ वाचलं, तेव्हा त्या उत्तराचं वजन कळलं. मांडे सरांना 2023 साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. भटक्यांच्या पालांवर जाऊन त्यांचं ऐकून घेणारी अशी माणसं आपल्याकडं थोडी झाली.

बाकीच्यांनी काय केलं? 1959च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यानं गाणं गाऊन, नाच करून, भविष्य सांगून दान घेणं भिकेत जमा केलं. रात्रभर कथा सांगून पहाटे सुपातलं धान्य झोळीत घेणारा माणूस कायद्याच्या नजरेत भिकारी ठरला. आणि 1 जुलै 2018ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. आपल्या मोबाईलांवरून फिरलेल्या अफवेचे ते बळी. त्या पावसाळ्यानंतर बाबांनी अनोळखी गावात पाऊल टाकलं नाही. घरच्यांनी जाऊ दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. पण भटकणं थांबलं तशा कथाही आटत गेल्या. ज्या गावात जायचं, त्या गावाचा देव नमनात घ्यायचा, ही त्यांची रीत. गावंच उरली नाहीत, तर नमन किती लांबणार?

आता लोककलांना चांगले दिवस आले म्हणतात. महोत्सव होतात, मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, वृद्ध कलावंतांना सरकारी मानधन आहे. हे सगळं हवंच. बाबांचा मानधनाचा अर्ज मीच भरला. जन्माचा दाखला, रहिवासाचा दाखला गोळा करता करता जन्मभर पालात राहिलेल्या माणसाला ते किती अवघड असतं, हे जवळून पाहिलं. पण महोत्सवात त्यांना दहा मिनिटं मिळाली. दहा मिनिटांत देवांना बोलावणंसुद्धा पुरं होत नाही. ऊन थेंब पडायच्या आत माणसाला खाली उतरवायचं, याला मी पुनरुज्जीवन म्हणणार नाही. भराडाला माणसांनी भरलेलं अंगण लागतं, अख्खी रात्र लागते, आणि कथेत आपलं गाव कधी येतं याची वाट बघणारे कान लागतात.

म्हणून आम्ही घरात भराड पुन्हा सुरू केलं. मुलीच्या लग्नानंतरचं पहिलं भराड बाबांनी स्वतः घातलं. बसून, थांबत थांबत. त्या रात्री त्यांनी स्त्रीराज्यात रमलेल्या मच्छिंद्राची कथा लावली. गोरख वाजवणाऱ्याच्या वेषात दरबारात शिरतो आणि वाद्यातूनच गुरूला हाक घालतो. बाबांचा हात थकला तेव्हा नातवानं डौर घेतला आणि गोरखाची हाक त्यानं वाजवली. बाबा मान डोलवत ऐकत होते.

बाबा आता नाहीत. नातू नगरला गाडी चालवतो. सुट्टीच्या दिवशी नव्या रेल्वेनं कड्याला येतो आणि आमच्या ओसरीत बसून आजोबांच्या कथा मला पुन्हा सांगतो. मी त्या फोनवर ध्वनिमुद्रित करते, वहीत उतरवते; अडलं तिथं आम्ही त्याच्या आईला विचारतो. तिला नमनातले सगळे देव क्रमानं पाठ आहेत. गावातल्या आणखी दोन घरांनी यंदा भराडाचं विचारलं आहे. त्यानं होकार देताना अट घातली: धान्य नको, बिदागी आधी ठरवा, आणि कथा अर्धी मागायची नाही, उजाडेपर्यंत बसणार असाल तरच डौर काढतो. दोन्ही घरांनी मान्य केलं आहे.