पहाटेचा हर्रास

पहाटे चार वाजता गजर लावून उठावे अशी कारणे आमच्या सौभाग्यवतींच्या मते जगात तीनच आहेत: काकडआरती, शेतीपंपाची रात्रीची वीज आणि पोटदुखी. मी फारसा देवभक्त नाही, आमचे शेत आजोबांच्या हयातीतच गेले आणि पोटाविषयी माझी काहीही तक्रार नाही. त्यामुळे गेल्या वर्षी भाद्रपदात सलग तिसऱ्या पहाटे मी स्वयंपाकघरात दिवा न लावता, पाटावर बसून मोबाईलकडे टक लावून पाहताना सापडलो, तेव्हा ती दारातच थबकली.

"अहो, काय चाललंय काय तुमचं?"

"लिलाव चालू आहे," मी म्हणालो.

"कुणाचा?"

हा प्रश्न तिने अशा काही स्वरात विचारला, की घरबांधणीच्या कर्जाचे थकलेले दोन हप्ते एकदम माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. आपल्याकडे लिलाव म्हटला की तो कुणाचा तरी असतो, कशाचा नसतो. मी तिला समजावले, की हा लिलाव आपला नव्हे. अमेरिकेत कुणा गृहस्थाच्या घरी गाण्याच्या जुन्या तबकड्या आहेत, त्या तो विकतो आहे, आणि तिकडे संध्याकाळी लिलाव संपतो तेव्हा कन्नडला पहाट असते. ती काही वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "घरघंटीचे पैसे यात जाणार का?"

बायका मुद्द्यावर किती लवकर येतात!

आमच्याकडे लिलावाला हर्रास म्हणतात. लहानपणी बाजार समितीच्या आवारात मक्याच्या ढिगाभोवती उभे राहून मी पुष्कळ हर्रास पाहिले. पण त्याहूनही माझे मन रमे ते बैलबाजारात. तिथे दोघे जण एका रुमालाखाली हात घालून उभे राहत. आत बोटांनी काय भाव ठरतो आहे ते फक्त त्या दोघांना ठाऊक. बाकीच्यांनी त्यांचे चेहरे वाचावेत. मोबाईलवरच्या या नव्या लिलावात मला तोच रुमाल पुन्हा भेटला. तुम्ही जास्तीत जास्त किती देणार तो आकडा एकदाच सांगून ठेवायचा. तो कुणाला दिसत नाही. समोरचा चढला, की यंत्र तुमच्या वतीने जरुरीपुरतेच पुढे सरकते. बोटे रुमालाखाली, चेहरा मात्र कुणाचाच दिसत नाही. आणि तरबेज लोक कसे करतात म्हणता? शेवटच्या पाच-सात सेकंदांपर्यंत गप्प बसतात आणि मग एकदम बोली फेकतात, म्हणजे दुसऱ्याला विचार करायला वेळच उरू नये. पहिल्या दोन पहाटे मी असाच हरलो. एकदा तर एका डॉलरने. एका डॉलरसाठी माणसाला इतके वाईट वाटू शकते हे मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते.

आता कन्नडसारख्या गावातला, मॅट्रिक आणि त्यापुढे चित्रकलेची पदविका एवढेच शिक्षण झालेला एक मास्तर, नावावर दोन कादंबऱ्या असल्या म्हणून काय झाले, अमेरिकन जॅझच्या तबकड्यांमागे कशाला लागावा? या प्रश्नाला माझ्याजवळ दोन उत्तरे आहेत. एक लोकांना सांगण्याचे, दुसरे खरे.

लोकांना सांगण्याचे उत्तर चित्रकलेचे आहे, आणि तेही अगदीच खोटे नव्हे. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटांचे गाणे मावे. मोठी रचना असली की पाच-सहा तबकड्या लागत, आणि त्या फोटोंच्या वहीसारख्या पाकिटांच्या पुठ्ठ्यात बांधून विकत. अल्बम हा शब्द तिथूनच गाण्यात आला. १९४०च्या सुमारास कोलंबिया कंपनीतल्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस नावाच्या तरुण चित्रकाराने त्या कोऱ्या पुठ्ठ्यांवर चित्रे काढायला घेतली. पुढे डेव्हिड स्टोन मार्टिनने जॅझवाल्यांसाठी शाईच्या रेषेत जी वेष्टने काढली, ती मी सातवीच्या वर्गाला फळ्यावर काढून दाखवतो. घाट उतरून चाळीसगावला गेले, की तिथे केकी मूस यांचे संग्रहालय आहे. वर्षानुवर्षे घराबाहेर न पडता त्या माणसाने छायाचित्रे काढली आणि कलावस्तू जमवल्या. १९८९ साली ते गेले. मी मुलांची सहल तिथे नेतो आणि दर वेळी माझ्याच मनात येते, की संग्रहाचा हा रोग घाटाखालून वर चढत आला असावा.

रोगाचे श्रीमंती प्रकारही आहेत. अमेरिकेत मोझेइक नावाची एक कंपनी चाळीसेक वर्षांपूर्वी निघाली. ती एकेका वादकाचे सगळे जुने ध्वनिमुद्रण धुंडाळून पेटीबंद संच काढते, प्रत्येक पेटीवर क्रमांक घालते, आणि ठरलेल्या प्रती संपल्या की संपल्या. मग त्या पेट्या लिलावात येतात आणि त्यांचे आकडे पाहून मी मोबाईल पालथा ठेवतो. ब्लूजच्या पेट्यांवरही माझा डोळा आहे. रॉबर्ट जॉन्सन नावाच्या गायकाची १९३६ आणि ३७ सालची सगळी गाणी १९९०मध्ये एका संचात निघाली. २९ गाणी, बस, एवढाच त्याचा संसार. ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदा म्हणतात आणि तिसरीत मनातले सांगतात. जात्यावर ओळ परतून म्हणणाऱ्या माझ्या आजीला हे शिकवावे लागले नसते.

असो. खरे उत्तर सांगतो.

माझे वडील लग्नाच्या बॅण्डमध्ये क्लॅरनेट वाजवीत. लाल कोट, त्यावर सोनेरी फीत, डोक्यावर टोपी आणि मे महिन्याचे ऊन. सुपारी ठरली की इसार घरी येई आणि त्या दिवशी किराणा येई, असा आमचा जमाखर्च होता. मी सातवीत असताना वर्गातल्या एका श्रीमंत मित्राच्या भावाचे लग्न निघाले. मला आमंत्रण होते, म्हणून मी इस्त्रीचा सदरा घालून मिरवत होतो. मारुतीच्या देवळापासून परण्या निघाला आणि पुढे बॅण्डमध्ये अण्णा. मित्राने मला कोपराने ढोसले. "ते तुझे वडील ना रे?"

"नाही," मी म्हणालो. "आमच्या शेजारचे आहेत."

अण्णा चार हातांवर होते. तोंडात क्लॅरनेट होते, गाल फुगलेले होते, नजर समोर होती. त्यांनी ऐकले की नाही, मला कळले नाही. रात्री ते आले तेव्हा कागदात बांधलेली बुंदी त्यांनी माझ्या उशाशी ठेवली. मी झोपेचे सोंग घेतले होते. पुढे डीजे आला, बॅण्ड मोडला, क्लॅरनेट माळ्यावर गेले. त्या गोष्टीचा उच्चार आमच्यात कधी झाला नाही. मी ती दोन्ही कादंबऱ्यांत घालू पाहिली, आणि दोन्ही वेळा ती प्रकरणे फाडली.

अण्णांचा बॅण्ड 'अलबेला'तली गाणी हमखास वाजवी. १९५१ सालचा हा भगवानदादांचा चित्रपट, संगीत सी. रामचंद्र यांचे, म्हणजे आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात, पुणतांब्याला जन्मलेल्या राम चितळकरांचे. त्यांच्या हाताशी चिक चॉकलेट नावाचा ट्रम्पेटवाला होता. त्याचे खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातले हळदोणे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन अ‍ॅबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन आपला वाद्यवृंद घेऊन आला, आणि त्यानंतर अशा लोकांचे वाजवणे ऐकून आमच्या गोवेकरांचे कान तयार झाले. रात्री हॉटेलात जॅझ वाजवणारे हेच गोवेकर दिवसा स्टुडिओत सिनेमाची गाणी सजवीत. तिथून ती गाणी रेडिओवर, आणि रेडिओवरून कन्नडच्या परण्यात. हे सारे वाचले तेव्हा मला कळले, की अण्णांच्या त्या लाल कोटाला एक नातेवाईक आहे, आणि तो न्यूयॉर्कला राहतो.

त्याचे नाव बेनी गुडमन. क्लॅरनेटवाला. त्याचा बॅण्ड लोकांना नाचवण्यासाठी वाजवी, म्हणजे आमच्यासारखाच. १६ जानेवारी १९३८ रोजी तो बॅण्ड कार्नेगी हॉलमध्ये वाजला. तिथे एरवी भारदस्त अभिजात संगीताच्या मैफली होत. त्याने टेडी विल्सन आणि लायनेल हॅम्प्टन या कृष्णवर्णीय वादकांना आपल्याबरोबर त्या मंचावर बसवले, आणि त्या काळच्या अमेरिकेत ते साधे नव्हते. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण पुढे बारा वर्षे त्याच्या घरातल्या कपाटात पडून राहिले. १९५०मध्ये कोलंबियाने ते दोन लाँगप्ले तबकड्यांच्या संचात काढले. मला तोच संच हवा होता, तोच, पहिल्या छपाईचा.

तिसऱ्या पहाटे तो मला मिळाला. अठरा डॉलरना! त्या काळी तो इतका खपला, की आजही त्याला दुर्मिळ म्हणता येत नाही. मी उगीचच तीन दिवस रक्त आटवले. पण आनंद ओसरायच्या आत टपालखर्च दिसला: शेचाळीस डॉलर. त्यावर जकात, आणि जकात टपालखर्च धरून आकारतात. घोड्यापेक्षा नाल महाग. सगळे मिळून साडेसात हजार रुपये गेले. दुसऱ्या कादंबरीचे मानधन अकरा हजार आले होते आणि त्यातच थोडी भर घालून घरघंटी यायची होती. ती अजून आलेली नाही. सौभाग्यवती दळणाचा डबा घेऊन गिरणीत जाताना माझ्याकडे न पाहता जातात. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही.

पार्सल दीड महिन्याने, दिवाळीच्या तोंडावर आले. इथे तबकड्यांच्या प्रतवारीविषयी एक शब्द लिहिला पाहिजे, कारण यात मी शिक्षक असून फसलो. मिंट म्हणजे कोरी. निअर मिंट म्हणजे जवळजवळ कोरी. 'व्हेरी गुड प्लस' ठीक. 'व्हेरी गुड' म्हणजे खरखर होणारच. आणि 'गुड' म्हणजे भंगार! आम्ही प्रगतिपुस्तकात मुलांना चांगला, बरा असे शेरे देतो, त्याचे असे अर्थ पालकांनी लावले तर काय अनर्थ होईल? माझा संच 'व्हेरी गुड प्लस' म्हणून विकला गेला होता. ती विकणाऱ्याची मायाळू नजर म्हणावी.

संभाजीनगरच्या आठवडी बाजारातून आणलेले आणि दोनदा दुरुस्त केलेले माझे यंत्र मी ओसरीवर मांडले. अण्णा आता पंचाहत्तरीत आहेत. ते खाटेवर बसले होते. मी सुई ठेवली. प्रथम चरचर, चरचर.

"पाऊस पडत होता का तिथं?" अण्णांनी विचारले.

मग क्लॅरनेट आले. अण्णांनी मान एका बाजूला कलती केली. त्यांच्या उजव्या हाताची बोटे गुडघ्यावर हलू लागली. ती बोटे गाण्याच्या मागे नव्हती, क्वचित पुढेच होती. गाणे संपले आणि तबकडीतून टाळ्यांचा मोठा कल्लोळ उठला.

"एवढे लोक?"

"सगळी तिकिटे आधीच खपली होती, अण्णा."

"आणि नाचत नव्हते?"

"खुर्च्यांवर बसून ऐकत होते."

"बसून?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. "बॅण्ड? बसून ऐकत होते?"

मी मान हलवली. अण्णा गप्प झाले. तबकडीची बाजू संपली, सुई आतल्या वर्तुळात खर्रखर्र फिरत राहिली, आणि मला उठवेना. मनाशी जुळवलेली वाक्ये होती. पहाटे चारला पाटावर बसून जुळवलेली. "अण्णा, त्या वेळी परण्यात मी..." एवढेच मी म्हणालो असेन.

"आमच्या शेजारचा जो वाजवायचा ना," अण्णा म्हणाले, तबकडीकडेच पाहत, "त्याला नसतं जमलं असं. पण सूर त्याचाही वाईट नव्हता."

आतून सौभाग्यवतींच्या भांड्यांचा आवाज एकदम थांबला. तिला यातले काही ठाऊक नव्हते. पण तिला कळले. मी यंत्राशी उगीच खुडबुड करू लागलो.

"बाजू उलटी कर," अण्णा म्हणाले.

शेवटच्या बाजूला 'सिंग सिंग सिंग' आहे. बारा मिनिटांचे. जीन क्रुपाचा ढोल सुरू झाला तसे गल्लीतली दोन पोरे ओसरीच्या पायरीवर येऊन बसली. मधेच गुडमनचे क्लॅरनेट अगदी हळू, एकटे वर चढत जाते. तिथे अण्णांनी हात वर करून पोरांना चूप केले आणि स्वतःही श्वास धरला.

संध्याकाळी त्यांनी मला माळ्यावर चढवले. पेटीला वाळवी लागलेली होती, आत क्लॅरनेट मात्र शाबूत होते. सांध्यांचे बूच वाळून सुटले होते आणि दोन कळा अडकत होत्या. अण्णांनी एकेक तुकडा धोतराच्या सोग्याने पुसला आणि माउथपीस उजेडात धरून पाहिला.

"पत्ती गेली याची," ते म्हणाले. "तुझ्या त्या मोबाईलवर मिळती का बघ. पूर्वी मी तीन नंबरची लावायचो. आता तेवढा दम न्हाई राहिला. दोन नंबरची बघ."