आमचा छोटा ट्रॅक्टर

काकतीला आमची दोन एकर जमीन आहे. तीही सलग नाही. आजोबा कारवारकडून येथे आले. घरी आम्ही अजून कोकणीच बोलतो आणि शेताच्या बांधाला 'मेर' म्हणतो. पण बांध म्हणा की मेर म्हणा, आमच्या शेतात पिकापेक्षा त्यांचीच गर्दी अधिक. असल्या वाफ्यांत मोठा ट्रॅक्टर शिरला तर त्याला वळायला जागा उरत नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून आम्ही १८ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर घेतला. बांध चढताना तो मागे घेत चढवावा, नाहीतर पुढची चाके उचलून तो चालकाच्या अंगावर येतो, हे अंगवळणी पडायला मला आठवडा लागला.

बैलजोडीची ताकद साधारण एक अश्वशक्ती धरतात. म्हणजे कागदावर १८ जोड्या आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या होत्या. वस्तुतः आमच्याकडे एक जोडीसुद्धा कधी नव्हती. बैल एकच होता. दुसरा शेजारच्या आप्पांचा. एक दिवस त्यांचे जोत, एक दिवस आमचे, असा पैरा वडिलांच्या काळापासून चालत आला होता. ट्रॅक्टर आला आणि आम्ही आमचा बैल विकला. त्यासरशी आप्पांचाही बैल निकामी झाला, ही गोष्ट व्यवहार पुरा होईपर्यंत माझ्या ध्यानातच आली नाही.

"मास्तर, एका बैलाला जू घालायचं कसं?" एवढेच ते म्हणाले. त्या बेंदराला त्यांनी त्याची शिंगे रंगवली, आणि पुढल्या बाजाराला तोही गेला.

मी इतिहास शिकवतो. त्यामुळे मजजवळ दाखला तयार होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली आपल्या बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीने शेतकरी तो घेईनात. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि तोच नांगर कालांतराने गावोगाव पोहोचला. हे सारे मी आप्पांना मोठ्या उत्साहाने ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पण तो नांगर ओढायला बैलच होते, न्हवं?"

पहिल्या पावसाळ्यात लोखंडी पिंजऱ्याची चाके लावून मी चिखलणी केली. चार-पाच दिवसांचे काम एका सकाळी उरकले, आणि भातही उत्तम आले. आमच्या भागात भात कापल्यावर त्याच रानात उरलेल्या ओलीवर मसूर पेरतात. ती ओल उडून जाईल या घाईने मी रानात रोटाव्हेटर घातला. आप्पा बांधावरून म्हणाले, "दोन दिवस थांबा मास्तर, माती अजून हाताला चिकटतेय." मी थांबलो नाही.

मसूर उगवला, वीतभर वाढला आणि पिवळा पडून तसाच बसला. तेव्हा आप्पांनी घरून पहार आणली आणि रानात मारली. थोडी खाली जाऊन ती अडली. चिखलणीने खालची माती घट्ट बसते. भाताला ती हवीच असते, कारण तिच्यामुळे पाणी टिकते. मसुराच्या मुळांना मात्र तीच भिंत होते. ओल्या रानात चाकांनी दाबून मी ती आणखी पक्की केली होती. रोटाव्हेटरने वरची माती अशी भुसभुशीत झाली होती की, खाली काय झाले आहे हे पाहण्याची मला इच्छासुद्धा झाली नव्हती.

आता आप्पांचे रानही आमचाच ट्रॅक्टर करतो. पैसे घ्यायला मी तयार नाही, आणि फुकट करून घ्यायला ते तयार नाहीत. बैलास बैल असा पैरा होता तेव्हा गणित सोपे होते. ट्रॅक्टरच्या एका तासाला माणसाचे दिवस किती, हे आम्हा दोघांनाही अजून सुटलेले नाही. गेल्या ज्येष्ठात आमच्या दोन तासांच्या बदल्यात आप्पा चार दिवस कुदळ घेऊन आले, आणि रोटाव्हेटर पोहोचत नाही ते वाफ्यांचे कोपरे त्यांनी खणून दिले. चार दिवस फार झाले, असे मी म्हणालो. कोपऱ्यातले ढेकूळ फोडीत ते म्हणाले, "आधी मसूर येऊ द्या मास्तर, मग हिशेब बघू."