एका बोटाची जागा

हायड्रोसीलचं ऑपरेशन झालं आणि जालन्याच्या दवाखान्यातून निघताना कंपाउंडरनं एक खोका हातात ठेवला. "सपोर्टर आहे, काका. दिवसभर घालायचा." खोक्यावर मापाच्या जागी नुसतं 'एल' छापलेलं. तीर्थपुरीला पोचेपर्यंत ते इलास्टिक जांघेत काचायला लागलं. रात्री काढून उशाशी ठेवलं, तर त्याला रबराचा आणि औषधाचा वास. अंधारात मला मात्र आठवला भलताच वास : करडईचं तेल, ओलं मांजरपाट आणि ताक-हळद घातलेली हौद्यातली तांबडी माती.

आमच्या तालमीत पहिला लंगोट पोरानं स्वतःच्या हातानं लावायचा नाही, अशी रीत होती. वस्ताद लावून द्यायचे. त्रिकोणी पाट पाठीमागे धरायचा, दोन कोपऱ्यांचे बंद कमरेवरून पुढं आणून बांधायचे, मग खाली लोंबणारी लांब पट्टी मांड्यांमधून पुढं घ्यायची, बंदाखालून वर ओढायची आणि पुन्हा मांड्यांमधून मागं नेऊन खोचायची. सगळा ऐवज वर, पोटाशी सपाट बसला पाहिजे. गाठ मागं नको, कारण पाठीवर पडलास तर ती माकडहाडात घुसेल. माझी पट्टी खोचून झाल्यावर वस्तादांनी आपली तर्जनी माझ्या कमरेच्या बंदाखाली सरकवली, पोटापासून कुशीपर्यंत फिरवली आणि म्हणाले, "बोट गेलं पायजे, लेका. मूठ नाय."

त्या बोटाचा खरखरीत स्पर्श मला अजून कमरेवर दाखवता येईल.

मी पोर होतो. घट्ट म्हणजे चांगला, अशी आम्हा सगळ्यांची समजूत. एक जण तर बंद असा आवळायचा की तालमीतून बाहेर पडताना त्याच्या मांड्या बधिर झालेल्या असत. वस्ताद त्याच्यावर खेकसायचे, की ज्याला धरपकडीत लंगोट आठवतो त्यानं कुस्ती खेळायला येऊच नये. कापडाबद्दलही त्यांचे नियम असत. नव्या मांजरपाटाची खळ दोन पाण्यांतून काढायची, कापड आटलं की मगच शिवायला द्यायचं. घामाचा लंगोट रोज धुऊन उन्हात वाळवायचा आणि दुसऱ्याचा कधीच लावायचा नाही. गजकर्ण एकाला झालं की अख्खी तालीम खाजवत बसते.

इथवरचं सगळं शिवणकाम. पण त्या बंदाला आणखी एक गोष्ट बांधलेली होती आणि ती आम्हाला कुणी नीट समजावून सांगत नसे. 'लंगोटाचा पक्का' असा शब्द नुसता यायचा. अमका लंगोटाचा पक्का, म्हणून त्याची पाठ लागत नाही. तमक्यानं लंगोट सोडला, संपला. तालमीच्या भिंतीवरच्या कोनाड्यात शेंदरी मारुती, तोही लंगोटातच. कीर्तनकार सांगत की मारुती जन्मालाच कौपीन नेसून आला, ते कुणाला दिसत नसे, आणि ज्याला दिसेल तोच आपला धनी, असं अंजनीनं त्याला सांगून ठेवलेलं. रामाला ते दिसलं. आम्ही कथा ऐकताना एकमेकांकडे बघत नसू.

आमच्या भागाला तर या गोष्टीचं वतनच मिळालेलं. तीर्थपुरीहून जांब समर्थ जवळ, दोन्ही गावं घनसावंगी तालुक्यातच. तिथे 1608 साली, चैत्र शुद्ध नवमीला, सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला. बाराव्या वर्षी आसनगावच्या मांडवातून 'सावधान' ऐकून पळाला, नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं राहिला, पुढे समर्थ रामदास झाला, हे आमच्याकडे पोरांना पाढ्यांबरोबर पाठ असतं. चित्रात समर्थ कायम कौपीन, दाढी आणि हाताशी कुबडी. रामनवमीच्या उत्सवाला वस्ताद आम्हाला चालत घेऊन जायचे आणि मंदिरासमोर उभं करून म्हणायचे, बघा, याला म्हणतात लंगोट.

मला तेव्हापासून प्रश्न पडायचा, की या पट्टीनं नेमकं काय रोखलं जातं? वय असं की रात्री स्वप्नं पडत आणि पहाटे शरमेनं जाग येई. झोपेत पुरुषाच्या अंगाला रात्रीतून तीन-चारदा आपोआप ताठरता येते, ती निरोगी देहाची खूण असते, हे मला फार उशिरा एका डॉक्टरनं सांगितलं. तेव्हा आमच्या ज्ञानाचा झरा म्हणजे एसटी स्टँडमागची भिंत. 'धातू जाणे', 'बालपणीच्या चुका', 'खात्रीशीर इलाज', खाली तंबूचा पत्ता. त्या भिंती रंगवणाऱ्यांवर माझा राग आहे आणि तो म्हातारपणी मऊ झालेला नाही. पोरांच्या खुराकाच्या पैशातून त्यांनी भस्मं विकली. बंद आवळून मांड्या बधिर करून घेणारा तो आमचा गडी त्याच भिंतीचा वाचक होता.

ही भीती काही आपलीच नव्हे. स्वित्झर्लंडच्या तिसो नावाच्या डॉक्टरनं 1760 च्या सुमारास हस्तमैथुनानं शरीर झिजतं असं पुस्तक लिहिलं आणि पुढची शंभर-दीडशे वर्षं युरोप घाबरून राहिला. एकोणिसाव्या शतकात तिकडे आतून दाते असलेली धातूची कडी निघाली. रात्री घालून झोपायचं, ताठरता आली की दाते टोचून जाग आणणार. मध्ययुगातल्या सरदारांनी लढाईवर जाताना बायकांना लोखंडी पट्टे घातले, ही गोष्ट मात्र बहुतांशी थाप. 1405 च्या सुमाराला कोनराड कायझर यानं युद्धयंत्रांच्या पोथीत तसल्या पट्ट्याचं चित्र काढलं, तेही बहुधा थट्टेनं. आल्ब्रेश्ट क्लासेन या अभ्यासकानं 2007 साली अख्खं पुस्तक लिहून त्या दंतकथेची शिवण उसवली. संग्रहालयांतले बरेचसे 'जुने' पट्टे नंतरच्या काळात घडवलेले निघाले. लोखंड बायकांच्या अंगावर कल्पनेत चढलं आणि पोरांच्या अंगावर खरोखर, हे मला गमतीचं वाटत नाही.

आपल्याकडे खरोखर कठीण वस्तू घालणारे लोक मी 2015 च्या सिंहस्थात पाहिले. नाशिकला तपोवनातल्या साधुग्राममध्ये वैष्णव आखाडे उतरले होते. तिथे एका खालशात, म्हणजे साधूंच्या छावणीत, काठिया साधू बसलेला, कमरेला मनगटाएवढा जाड लाकडी आडबंद आणि त्यालाच जोडलेली लाकडी लंगोटी. निंबार्क संप्रदायात वृंदावनचे रामदास काठिया बाबा एकोणिसाव्या शतकात होऊन गेले, त्यांना ते नाव या काष्ठामुळेच पडलं. म्हणजे दोन रामदास, एकाचं कापड आणि एकाचं लाकूड. मी त्या साधूला हिंदीत विचारलं, महाराज, टोचत नाही? त्यानं कातडीवरचा काळा घट्टा दाखवला आणि हसून म्हणाला, लाकूड बदलत नाही, म्हणून शरीर बदललं. मग त्यानं माझ्याकडे तंबाखू मागितली. आडबंदाखाली बोट जात होतं की नाही, ते बघण्याची माझी हिंमत झाली नाही.

संभाजीनगरात माझा एक डॉक्टर मित्र मूत्रविकाराच्या रुग्णांना बघतो. सपोर्टरची तक्रार सांगायला त्याला फोन केला, तर तो आपलाच अनुभव सांगत बसला. हल्ली ऑनलाइन पिंजरे मिळतात, प्लास्टिकचे, स्टीलचे. अंडकोशामागून एक कडं, पुढं नळीसारखा पिंजरा, दोन्ही जोडणारं इवलंसं कुलूप, आणि किल्ली जोडीदाराकडे. नवरा-बायको संगनमतानं हौस करतात, त्यात कुणाचं काही जात नाही, तो म्हणाला. पण माप कुणी घेत नाही. दोऱ्यानं घेर मोजायचा, 3.14 ने भागायचा, तो कड्याचा व्यास. कडं सैल असेल तर सगळं निसटतं आणि फटीत कातडी चिमटते. आवळ असेल तर सूज येते. पिंजरा शिथिल लांबीएवढा किंवा किंचित आखूड हवा. मोठा घेतला तर आत घासाघीस होते. पहिले काही दिवस तासा-दोन तासांनी काढायचा, रात्री घालायचाच नाही, रोज धुऊन कोरडं करायचं. कातडी गार पडली, निळी झाली, बधिर वाटली, तर लगेच उतरवायचं आणि उतरत नसेल तर लाज न धरता दवाखाना गाठायचा. एका तरुणाचं कडं त्याला कटरनं कापावं लागलं होतं. 'एल' मागवलं होतं, तो म्हणाला. आम्ही दोघंही हसलो.

"आणि कडं बरोबर बसलंय हे कळतं कसं?" मी विचारलं.

"करंगळी आत जाते," तो म्हणाला.

वस्तादांनी हे मांजरपाटावर सांगितलं होतं. त्यांना कुलूप-किल्ली माहीत नव्हती. खरं तर किल्ली त्यांच्या घरीही होती, फक्त ती कुणाच्या हाती होती हे आम्ही कधी विचारलं नाही. वस्ताद लग्नाचे. पण मोसमात, म्हणजे जत्रांचे फड सुरू झाले की, ते तालमीतच झोपत. लंगोट पाळायचा म्हणून. अंबडला मत्स्योदरीची जत्रा, पुढे गावोगावच्या जत्रा, नारळाच्या कुस्तीपासून पैशाच्या कुस्तीपर्यंत. त्यांची बायको, आमच्या काकू, रोज संध्याकाळी दुधाची कासंडी घेऊन यायच्या आणि उंबऱ्याबाहेर ठेवायच्या. आत बायकांना मज्जाव. वाळत घातलेले लंगोट त्याच घडी करून न्यायच्या, फाटलेला बंद रात्री शिवून सकाळी पाठवायच्या. माझा लंगोटही त्यांनीच शिवलेला. माप घ्यायला मला अंगणात उभं केलं, कमरेभोवती सुतळी फिरवली, गाठ मारली आणि "वाढायचं अंग आहे," म्हणून गाठ जराशी पुढं सरकवली. मूल झालं नाही त्यांना. गावानं त्याचा दोष कुणाला दिला असेल ते सांगायला नको.

नवऱ्याचा नेम त्या पाळत होत्या, इतकं आता म्हणता येतं. कापड त्याच्या अंगावर, आणि रात्री दोघांच्या. वस्ताद गेले तेव्हा तालमीतल्या सगळ्यांनी त्यांच्या ब्रह्मचर्याचं भाषणात कौतुक केलं. काकू ओसरीवर बसून ऐकत होत्या. त्यांना बोला म्हणावं असं कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

सपोर्टर मी देऊन टाकला. गावच्या शिंप्याकडे मांजरपाट घेऊन गेलो, त्यानं लंगोट कधी शिवलेला नव्हता. मी कागदावर त्रिकोण काढून दिला. डॉक्टरची हरकत नव्हती, आधार मिळाल्याशी कारण. आता तो लावून यंदा रामनवमीला जांबेला जाऊन आलो. मंदिरातल्या ज्या मूर्ती 2022 साली चोरीला जाऊन पुन्हा मिळाल्या, त्यांच्यापुढे गर्दी होती. कुणीतरी माइकवर आसनगावच्या मांडवाचा प्रसंग रंगवत होतं. अंतरपाट, अक्षता, 'सावधान', आणि मुलगा गेला. टाळ्या पडल्या. तिथे समर्थांच्या वडिलांचं नाव विचारा, सूर्याजीपंत म्हणतील. आईचं विचारा, राणूबाई. थोरल्या भावाचं, गंगाधर. कुणीही सांगेल, शाळकरी पोरसुद्धा. जांबेला गेलात तर अंतरपाटाच्या पलीकडे हार घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीचं नाव काय, तेही एकदा माइकवाल्यांना विचारा.