दिवेलागणीच्या वेळची दुर्बीण



रात्रीच्या लाइटीचा आठवडा आला की माझ्या गळ्यात दुर्बीण दिसते. बांधावरून जाणारी पोरं हसतात, "अण्णा, शिकारीला का?" शिकारीचं नाव काढू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ती बंद आहे. आपल्या हरभऱ्यात शिरणारं काळवीट तर त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतच आहे. डुक्कर, रोही यांनी कितीबी नासधूस केली तरी वनखात्याच्या लेखी परवानगीबिगर हात लावता येत नाही. पण पोरांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. अंधार पडायच्या आत पिकाच्या कडेला काय उभं आहे ते ओळखायचं, हे शिकाऱ्याचंच काम. माझ्याकडं फक्त बंदूक नाही.

कारण साधं आहे. थ्री फेज लाइट रात्री आली की उसाला दारं धरायला रात्रीच जावं लागतं. गोदाकाठच्या उसात आता बिबट्याबी फिरतो. चारशे मीटरवर उसाच्या कडेला काहीतरी हललं, तर ते कुत्रं का डुक्कर का दुसरंच काही, हे कळल्याबिगर घरातलं माणूस तिकडं पाठवायचं कसं? डुकरं दिसली तर आम्ही दोघं-तिघं बॅटरी घेऊन, आवाज करत जातो. बिबट्याची शंका आली तर त्या रात्री मोटर बंद. एक पाळी चुकली म्हणून ऊस मरत नाही.

आता दुर्बिणीचं. तिच्यावर 8x42 असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ दिसतं. चारशे मीटरवरचं जनावर आठ पटीत पन्नास मीटरवर असल्यासारखं दिसतं. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. बाजारात वीस पट, तीस पट म्हणून विकतात, त्याला भुलू नका. जितकी पट जास्त तितका हाताचा थरथराटबी जास्त दिसतो. दहाच्या पुढं गेलं की तिवईबिगर चित्र थांबत नाही.

अंधाराचा हिशोब असा: दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागायचं. 42 भागिले 8 म्हणजे सव्वापाच. इतक्या मिलिमीटरचा उजेडाचा झोत डोळ्यात जातो. खिशात मावणारी 10x25 अडीचच मिलिमीटर देते, म्हणून दुपारी झकास आणि दिवेलागणीला आंधळी. जर्मनी-ऑस्ट्रियाकडचे शिकारी आपल्या मचाणासारख्याच उंच माळ्यावर संध्याकाळी बसतात. त्यांची खास दुर्बीण 8x56, म्हणजे पुरे सात मिलिमीटर. पण तरण्या पोराची बाहुली अंधारात सातपर्यंत उघडते, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची साधारण पाचपर्यंतच. उरलेला उजेड बाहुलीच्या बाहेरच पडणार. मग माझ्या वयाच्या माणसानं ते जड ओझं गळ्यात घ्यायचं कशाला?

भारीतल्या भारी दुर्बिणी म्हणजे ऑस्ट्रियाची स्वारोव्स्की, जर्मनीच्या झाईस आणि लायका. किंमत लाखांत. मागल्या हिवाळ्यात पैठणला नाथसागरावर एका पक्षीमित्रानं त्यांची स्वारोव्स्की 8x42 माझ्या हातात दिली. माझी साधी, दहा-बारा हजारांच्या गटातली 8x42 सोबत होतीच. चक्रवाकांचा थवा पाण्याच्या कडेला बसला होता, दिवस मावळत होता. दोन्हीतून आलटून पालटून बघितलं.

खोटं बोलणार नाही, फरक आहे. माझीत मधलं चित्र स्वच्छ आणि कडा पुसट, त्यांचीत कडेपर्यंत रेखीव. त्या एनएल प्युअरमध्ये एक हजार मीटरवर 159 मीटर रुंदीचं शिवार दिसतं, झाईसच्या एसएफमध्ये 148. साध्या पोरो प्रकारच्या निकॉन अ‍ॅक्युलॉन 8x42 मध्येबी 140 दिसतं. मावळतीच्या बाजूला बघितलं तर माझीत पांढुरकी झळ येत होती, त्यांचीत नाही. अंधारताना माझ्या दुर्बिणीत पक्ष्याचा नुसता काळा ठिपका झाला, तेव्हा त्यांच्या दुर्बिणीत रंग अजून कळत होता. पण तो फरक पाच-सात मिनिटांचा. त्यानंतर दोन्हीत सारखाच काळोख. दुर्बीण उजेड तयार करत नाही, आहे तेवढा गोळा करते.

मग पैसे कशाचे? भिंगाच्या लेपाचे आणि लोलकाचे. लेप नसलेल्या काचेच्या दर पृष्ठावर चारेक टक्के उजेड परत फिरतो. अशी दहा पृष्ठं आली की जवळपास तिसरा हिस्सा वाया. चांगल्या लेपानं तो वाचतो. सरळ नळीच्या दुर्बिणीतल्या लोलकाला आणखी खास लेप लागतात, ते महाग. वाकड्या खांद्याच्या जुन्या पद्धतीच्या पोरो दुर्बिणीला ते लागत नाहीत, म्हणून कमी पैशात चित्र चांगलं मिळतं. तिची उणीव म्हणजे ती जाडजूड असते, आणि स्वस्तातली बहुतेक पाण्याला टिकत नाही. पावसाळ्यात आतून भिंगावर वाफ धरते. भर पावसात वापरायची असेल तर नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी घ्या.

पक्ष्यांचा रोज अभ्यास करणाऱ्याला लाखाची दुर्बीण शोभते, त्याचं तेच काम आहे. आपल्याला मात्र उसाच्या कडेला डुक्कर आहे का बिबट्या, एवढंच ओळखायचं आहे. त्याला 8x42 पोरो, सगळ्या भिंगांवर लेप असलेली, पुरते. उरलेल्या पैशात पिकाभोवती सौर झटका मशीन आणि दोन चांगल्या बॅटऱ्या येतात. पण तारेत थेट लाइटीचा करंट कुणी सोडू नका. त्यात डुकराआधी माणूस मरतो.

घ्यायला जाताना चष्मा असेल तर तो लावूनच बघा. सगळं गोल चित्र दिसलं पाहिजे. आणि दुकानात भर दुपारी जाऊ नका, दुपारी सगळ्याच दुर्बिणी चांगल्या दिसतात. दिवेलागणीला जा, बाहेर रस्त्यावर उभं राहून लांबच्या झाडाखालची सावली बघा. सावलीत काय आहे ते कळलं, तर ती दुर्बीण तुमच्या कामाची.