पानी, पाणी आणि वाचनाची अडचण

फुलचूर, जि. गोंदिया

ती. वहिनींस,


बुद्धी, दृष्टी आणि शिकण्याची संधी यांत काही उणे नसतानाही मुलाला ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालणे जड जाते, त्या जन्मजात आणि बहुधा आनुवंशिक अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. फुलचूरसारख्या गावात ती ओळखायची तर मुलाच्या वहीइतकेच त्याच्या घरच्या बोलीकडेही लक्ष द्यावे लागते.

गोंदिया शहराला लागून असलेल्या या गावात मुलांच्या कानांवर घरी पोवारी, झाडीबोली किंवा हिंदी पडते आणि पाठ्यपुस्तकात प्रमाण मराठी असते. झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ हे वर्ण नाहीत. त्यामुळे ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ आणि ‘डोळा’ऐवजी ‘डोरा’ लिहिणारे मूल ऐकलेला ध्वनी अक्षरात बिनचूक उतरवत असते आणि ही ‘चूक’ त्याच्या ध्वनिज्ञानाची साक्षच मानली पाहिजे. लाल शाईच्या खुणा मोजून अशा मुलावर डिस्लेक्सियाचा शिक्का मारणे अन्यायाचे आहे. परंतु ‘घरची भाषा वेगळी, होईल हळूहळू’ असे म्हणून खऱ्या अडचणीकडे डोळेझाक करणे हा त्याहून मोठा अन्याय आहे, कारण त्यात मुलाची शिकण्याची वर्षे हातची जातात.

हा भेद करण्यास लिपीचे स्वरूप समजून घेणे उपयोगी पडते. इंग्रजीच्या मानाने देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते पुष्कळच सरळ आहे, आणि अशा लिप्यांत डिस्लेक्सिया चुकांपेक्षा संथ, थकवणाऱ्या वाचनातून अधिक प्रकट होतो. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी भाषक डिस्लेक्सियाग्रस्त प्रौढांची तुलना झाली. वाचताना मेंदूच्या डाव्या बाजूच्या विशिष्ट भागातील क्रियाशीलता तिन्ही गटांत सारखीच कमी आढळली, परंतु सरळ लिपीचे इटालियन वाचक अधिक अचूक वाचत होते. डिस्लेक्सिया असलेले मराठी मूलही त्यांच्यासारखेच शब्द अखेर बरोबर वाचते, म्हणून त्याची अडचण नजरेतून निसटते. त्यातही ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते, तर रफार उच्चारात आधी येऊन पुढच्या अक्षराच्या माथ्यावर बसतो; ध्वनींचा क्रम मनात धरून ठेवणे ज्याला मुळातच कठीण, ते मूल नेमके अशा जागी अडते.

म्हणून पहिली पारख तोंडी आणि घरच्या बोलीतच व्हावी. ‘कमल’मधून ‘क’ काढला तर काय उरते, किंवा रोजच्या वस्तूंची चित्रे भरभर दाखवल्यास त्यांची नावे किती सहज येतात, एवढे पाहिले तरी बरेच उमगते. अर्थात हे निदान नव्हे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही तपासणी मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत उपलब्ध आहे आणि दोन्हींत वावरणाऱ्या मुलाला ती दोन्हींतून देणे रास्त ठरते.

आपल्या धाकट्या चिरंजीवाला वर्गात ‘आळशी’ म्हटले जाते, हे आपल्या पत्रातील वाक्य मनाला फार लागले. गोष्ट ऐकून ती जशीच्या तशी सांगणारा आणि तीच गोष्ट वाचताना घामाघूम होणारा मुलगा आळशी असू शकत नाही. तो इतरांपेक्षा अधिक कष्ट करत असतो. अक्षर आणि ध्वनी यांचा संबंध क्रमाने, उघडपणे, बोटाने गिरवत आणि मोठ्याने उच्चारत शिकवला, तर असे मूल वाचू लागते, मात्र त्याला वेळ द्यावा लागतो. तो वेळ ही कोणाची मेहरबानी नाही: महाराष्ट्राने 1996 पासूनच अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ आणि शुद्धलेखनाच्या चुकांबाबत सूट दिली आहे, आणि 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला, म्हणजे वाचन, लेखन व गणन यांतील अशा अडचणींना, मान्यता दिली आहे.

तपासणीला जाताना शाळेच्या वह्या सोबत न्याव्यात, आणि घरी कोणती बोली बोलली जाते हे तपासणाऱ्यांना आधीच स्पष्ट सांगावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
धाकटा दीर